बोडणाच्या दाराबाहेर

बेचाळीस वर्षांच्या संसारात अण्णांनी आपल्याच घरातली एक गोष्ट कधी पाहिली नव्हती. बोडण. कुळाचारच तसा. घरात लग्नकार्य झालं की पाच सवाष्णी आणि एक कुमारिका आत जायच्या, दार लागायचं, आणि पुरुषांनी बाहेर बसायचं. आतून आरती ऐकू यायची, बांगड्या वाजायच्या, मधूनच हसण्याची खसखस पिकायची. दार उघडलं की बायकांचे हात मनगटाच्या वरपर्यंत दूध, दही, तूप आणि पुरणानं माखलेले असायचे, आणि परातीतला तो सगळा काला गाईला जायचा. "आत नेमकं काय होतं?" असं अण्णांनी दर वेळी विचारलं होतं, आणि "बायकांचं असतं" एवढंच उत्तर सुनंदाबाईंनी दर वेळी दिलं होतं. यशवंतपूरच्या पलीकडच्या सरकारी कारखान्यात चौतीस वर्षं यंत्रांचे सुटे भाग तपासलेल्या माणसाला हे उत्तर म्हणजे निव्वळ छळ होता. मागची बाजू दिसत नसेल तर वस्तू उलटी करून बघायची, ही अण्णांची जन्माची खोड.

आजचं बोडण खरं तर वर्षभर उशिरा होत होतं. मल्हारचं लग्न झालं, सिद्धी सून म्हणून घरात आली, आणि विसाव्या दिवशी लेकीला, आसावरीला, छातीत गाठ लागली. मग बोडण कुणाला आठवतंय? ऑपरेशन झालं, मोठी चार इंजेक्शनं झाली, केस गेले, आता दर शनिवारी एक असं बारा आठवड्यांचं औषध चालू होतं. त्यातले आठ डोस झाले होते. नववा उद्या. तेवढ्यापुरती आसावरी एचएसआर लेआउटमधलं आपलं घर आणि दातांचा दवाखाना सोडून आईवडिलांकडे राहायला आली होती. नवरा क्षितिज आणि आठ वर्षांची ईरा शुक्रवारी यायची, रविवारी जायची.

आणि मग सांगलीहून सगुणाअक्का आल्या. अण्णांची थोरली बहीण, वय शहात्तर, आवाज खणखणीत. आल्या आल्या स्वयंपाकघरात उभ्या राहून म्हणाल्या, "देवीचं राहिलं, म्हणून हे पोरीच्या पाठीस लागलं. मी स्पष्ट बोलते."

आसावरी नेमकी पाण्याचा पेला घ्यायला आत आलेली. सुनंदाबाईंच्या हातातला झारा तसाच हवेत राहिला.

"मग करूनच टाकू, आत्या," आसावरी हसून म्हणाली. "सलाइनपेक्षा तूपसाखर केव्हाही बरी."

ती हसली म्हणून बाकीचेही हसले. अण्णांना मात्र ते हसू आवडलं नाही. पण त्यांचं सगळं लक्ष दुधावर होतं.

"अक्का, दूध उकळलेलं घ्यायचं. तिच्या पांढऱ्या पेशी कमी आहेत."

"दामू, बोडणाला कच्चंच दूध लागतं."

"कच्च्या दुधात काय काय असतं, सांगू?"

"नको. जेवायच्या आधी नको."

सुनंदाबाईंनी अण्णांनाही "बरं" म्हटलं आणि नणंदेलाही "बरं वन्सं" म्हटलं. दूध उकळून, गार करून, साय काढून पितळी तपेल्यात ओतलं आणि कुणालाच काही सांगितलं नाही. या घरात निम्मे तंटे असेच मिटायचे.

तर आज सकाळी अकराला आतल्या खोलीचं दार लागलं. आत सुनंदाबाई, आसावरी, सिद्धी आणि मराठी मंडळातल्या दोघी. कुमारिका म्हणून ईरा, नव्या परकरात फुगलेली. बाहेर अण्णा आणि क्षितिज. मल्हार कामासाठी हैदराबादला. आणि दाराला लागून खुर्ची टाकून सगुणाअक्का. कारण ज्यांनी हा सगळा घाट घातला त्यांना स्वतःला आत जाता येत नव्हतं. यजमान गेल्यापासून त्या बोडणाला बाहेरच बसत आल्या होत्या.

"परात हलवू नका गं!" त्या दारातून ओरडून सांगत होत्या. "ईराला विचारा काय हवं म्हणून. ती मागेल ते घालायचं."

"अक्का," अण्णा हळूच म्हणाले, "तू तर आधी आत बसायचीस. काय होतं गं?"

"एवढा म्हातारा झालास, अजून तेच विचारतोस?"

"म्हातारा झालो म्हणूनच विचारतो. किती दिवस थांबू?"

अक्का खुदकन हसल्या.

क्षितिज सोफ्यावर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला होता. "अण्णा, रिलॅक्स. बसा ना जरा."

अण्णांना बसवत नव्हतं. हॉस्पिटलातही त्यांचं असंच. बाटलीला तपकिरी पिशवी का घालता? थेंब मोजायचं यंत्र चुकलं तर कळतं कसं? औषध काचेच्याच बाटलीत का? नर्सेस सुरुवातीला वैतागल्या, मग त्यांना गंमत वाटायला लागली. "बंदरू अंकल," आले अंकल प्रश्न घेऊन, असं कन्नडात म्हणत एक जण हल्ली त्यांना खुर्चीच आणून द्यायची. अण्णांकडे वही होती. ताप, भूक, झोप, उलट्या, पांढऱ्या पेशी, सगळ्याचे रकाने आखलेले. सगळे थट्टा करायचे. पण भीती वाटली की अण्णांना प्रश्न पडायचे, आणि या वर्षात त्यांना जितके प्रश्न पडले तितके नोकरीच्या चौतीस वर्षांत पडले नव्हते.

आत आरती सुरू झाली. टाळ्या, बांगड्या, आसावरीचा आवाज सगळ्यांत वर. लहानपणापासून गोड गळा. दुसऱ्या कडव्याला काहीतरी पडल्याचा आवाज झाला आणि सिद्धीचं "अगं बाई!" ऐकू आलं. आरती क्षणभर अडखळली. मग आसावरीचाच आवाज पुन्हा चढला आणि बाकीच्या मागून आल्या.

"काय पडलं?" अण्णा दाराशी.

"मागे हो!" अक्कांनी त्यांना हातानं ढकललं. "पडलं असेल काहीतरी. पुरुषांनी डोकावायचं नाही."

पाऊण तासानं दार उघडलं. ईरा धावत बाहेर आली आणि आपण पाच वेळा मध मागितला हे सगळ्यांना सांगून टाकलं. मागून बायका आल्या, माखलेले हात पुढे धरून. आसावरी कुणाकडे न बघता थेट मोरीकडे गेली. डोक्याला गुलाबी रुमाल, चेहऱ्यावर घाम. बराच वेळ नळ चालू होता.

"काय गं, काय झालं आत?" अण्णांनी नेहमीचा प्रश्न टाकला.

"बायकांचं असतं," आसावरी पाठमोरीच म्हणाली.

पानं मांडली. केळीची पानं, पुरणपोळी, कटाची आमटी, कोथिंबिरीची वडी. आसावरीनं ईराला सांगून चमचा मागवला. केळीच्या पानावर, कुळाचाराच्या दिवशी, चमचा! अक्कांच्या भुवया कपाळात गेल्या, पण मंडळातल्या दोघी समोर बसल्या होत्या म्हणून त्या गप्प राहिल्या. अण्णांचा घास मात्र हातातच राहिला. आसावरी चमच्यानं कधीपासून जेवते? ते मनातल्या मनात मागे जायला लागले. काल खिचडी, चमचा. परवा दहीभात, चमचा. त्याच्या आदल्या दिवशी भाकरी होती, तेव्हा ती भूक नाही म्हणाली होती. वहीत भुकेच्या रकान्यात आपण 'कमी' लिहिलं. भूक कमी नव्हतीच. भाकरी मोडता येत नव्हती का हिला?

मंडळातल्या बायका गेल्यावर सिद्धी मागच्या अंगणात परात घासत होती. अण्णा तिथे जाऊन उभे राहिले.

"सिद्धी, आत काय पडलं गं?"

सिद्धीनं हात थांबवला. वर्षभरापूर्वीच पुण्याहून आलेली मुलगी, अजून घरातल्या वाटा चाचपत चालणारी. तिनं स्वयंपाकघराच्या दाराकडे एकदा बघितलं.

"अण्णा, आतलं सांगायचं नसतं ना?"

"नसतं."

"मग तुम्ही विचारू नका, आणि मी सांगते." तिचे डोळे भरून आले होते. "आरतीच्या ताटात कणकेचे दिवे होते. एक कलला, म्हणून ताईंनी बोटांनी धरून ठेवला. वात बाहेर आली होती. ज्योत त्यांच्या बोटाला लागत होती, अण्णा. आणि त्या आरती म्हणत होत्या. डोळे उघडे होते, समोर बघत होत्या. मला आधी वास आला. मी दिवा ओढून घेतला, तो पडला. ताईंनी बोटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि डोळ्यांनीच गप्प बस म्हणाल्या. बाकीच्यांना वाटलं, माझ्याच हातून पडला."

बेचाळीस वर्षं ज्या दाराआडचं कळावं म्हणून तडफडलो, ते आज कळलं, आणि आता ते कळलंच नसतं तर बरं झालं असतं असं त्यांना वाटलं. सुनेच्या डोक्यावर हात ठेवून ते आत गेले.

सुनंदाबाई उरलेल्या पोळ्या डब्यात भरत होत्या. क्षितिज पाणी पीत उभा होता.

"औषधानं तिच्या बोटांतलं सगळं गेलंय, चटकाही कळत नाही," अण्णा म्हणाले. "तुम्हाला ठाऊक होतं?"

सुनंदाबाईंनी डब्याचं झाकण लावलं, पुन्हा काढलं, पुन्हा लावलं. "मी महिनाभर हुकं लावून देतेय तिची. तिला लागत नाहीत."

"महिनाभर!"

क्षितिज घसा खाकरून म्हणाला, "अण्णा, मलाही माहीत होतं. म्हणजे एवढं वाईट असेल असं नाही. तिनं प्रॉमिस घेतलं होतं माझ्याकडून. बट आय शुड हॅव… सॉरी."

"म्हणजे हिला हुकं माहीत, तुला आणखी काही माहीत, सिद्धीला आज कळलं. मी दर शनिवारी तिच्याशेजारी चार तास वही घेऊन बसतो, आणि मलाच माहीत नाही?"

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही डॉक्टरांना तक्ता करून दिला असता," सुनंदाबाई म्हणाल्या.

"दिला असता! का देऊ नये?"

"म्हणून नाही सांगितलं," त्या म्हणाल्या आणि पदरानं नाक पुसायला लागल्या.

अण्णांना राग आला होता. बायकोचा, जावयाचा, वहीचा, स्वतःचा. सगळ्यात जास्त स्वतःचा. फुकटचे रकाने आखत बसलो, हे त्यांच्या मनातून जाईना. पण राग घेऊन लेकीसमोर जायचं नाही एवढं त्यांनी ठरवलं, आणि तोंडावर पाणी मारून ते वरच्या गच्चीलगतच्या खोलीत गेले.

आसावरी पलंगावर भिंतीला टेकून बसली होती. उजव्या हाताच्या तर्जनीवर फोड टरारून आला होता. तिनं तो लपवला नाही.

"सिद्धीनं सांगितलं ना? चुगलखोर." ती किंचित हसली. "चांगली आहे हो ती पोरगी."

"मलम लावलंस?"

"लावलं. दुखत नाहीये, अण्णा. तोच तर घोळ आहे."

अण्णा पलंगाच्या कडेला बसले. "डॉक्टर श्रीवत्स दर शनिवारी विचारतात, हातापायांना मुंग्या आहेत का. मी समोर असतो. तू 'स्वल्प, डॉक्टर' म्हणतेस. तेही 'सरी, सरी', ठीक आहे म्हणतात आणि पुढे लिहितात."

"मग काय म्हणू?"

"आहे ते."

"आहे ते सांगितलं की डोस कमी करतात. नाहीतर थांबवतात." आता ती सरळ होऊन बसली. "मी डॉक्टर आहे, अण्णा, दातांची का होईना. मला कळतं ते काय करतील. चार डोस उरलेत. चार! ते पुरते घ्यायचे मला. बोटं गेली तर गेली. दवाखाना बंद करीन, कॉलेजात शिकवीन. पण ईरा दहावी होईपर्यंत तरी मला इथे असायचंय."

तिनं हे सगळं एकटीनं बसून, हिशेब मांडून ठरवून टाकलं होतं, आणि खाली येऊन आरती म्हटली होती. 'असं बोलू नकोस' एवढं वाक्य त्यांच्या ओठांवर आलं. पण त्याचा काय उपयोग? त्याऐवजी त्यांनी आपल्याला खरोखर पडलेला प्रश्न विचारला.

"किती गेलंय?"

"काय?"

"बोटांतलं. किती गेलंय? कुठल्या बोटातलं? मोजलंस का?"

तिनं हात उलटा करून बघितला. मग म्हणाली, "नाही."

"न मोजता सोडून द्यायला निघालीस? दाताची कीड तरी न बघता सांगतेस का कुणाला?"

अण्णा उठून खाली गेले आणि कपाटातून आपला फीलर गेज घेऊन आले. पोलादाच्या पातळ पात्यांचा जुडगा, पंख्यासारखा उघडणारा, एकेक पाती वेगळ्या जाडीची. सगळ्यात बारीक कागदाहून पातळ, सगळ्यात जाड एक मिलिमीटर. दोन भागांमधली फट मोजायला कारखान्यात तो रोज हातात असायचा. त्यांनी पात्या स्पिरिटनं पुसल्या.

"अहो अण्णा, हे काय!" आसावरीला हसू फुटलं. "माझ्या बोटांचं इन्स्पेक्शन?"

"डोळे मीट. मी दोन पात्या देईन, जाड कुठली ते सांगायचं. डावी करंगळी."

तिनं डोळे मिटले. दोन पात्या करंगळी आणि अंगठ्याच्या मध्ये एकामागून एक आल्या.

"दुसरी."

"बरोबर. आता?"

"पहिली. अगदी जराशी."

"शाब्बास! पाच शतांशाचा फरक होता. कारखान्यात घेतलं असतं तुला."

तिला मजा वाटायला लागली. डोळे मिटून, मान तिरकी करून ती एकेक बोट पुढे करत होती. डाव्या हाताची अनामिका बरी निघाली. मधलं बोट दोनदा चुकलं. "थांबा, थांबा, परत द्या," असं ती म्हणत होती, आणि अण्णा खुशीत परत देत होते. वर्षभरात पहिल्यांदा दोघांना एकाच गोष्टीचं कुतूहल वाटत होतं, आणि त्या दहा मिनिटांत आजारही जणू बाजूला बसून बघत होता. मग उजव्या हाताची पाळी आली. याच हातानं ती लोकांच्या दाढा भरायची.

करंगळी ठीक. अनामिका चुकली. तर्जनीवरचा फोड टाळून अण्णांनी बोटाच्या बाजूला पाती टेकवली, आणि मग मधल्या बोटाला.

"ठेवा ना," आसावरी म्हणाली.

अण्णांनी पाती काढून जुडग्यातली सगळ्यात जाड पाती लावली. जरा दाबली.

"अण्णा, ठेवा की. किती वेळ?"

ती डोळे मिटून वाट बघत होती, चेहऱ्यावर अजून खेळातलं हसू होतं.

"ठेवलीय," ते कसेबसे म्हणाले.

तिनं डोळे उघडले. एक मिलिमीटरची पोलादी पाती तिच्या बोटात रुतली होती. तर्जनीलाही एक टेकलेली. ती बघत राहिली. हळूहळू तिचं हसू गेलं, आणि मोठ्या ऑपरेशनच्या दिवशीही न रडलेली आसावरी ओक्साबोक्शी रडायला लागली.

"मला वाटलं थोडंसं आहे," ती म्हणत होती. "खरंच वाटत होतं, अण्णा. मी खोटं नव्हते बोलत… म्हणजे बोलत होते, पण एवढं नव्हतं वाटलं."

अण्णांनी तिला जवळ घेतलं. दारात काहीतरी सळसळलं म्हणून त्यांनी मान वळवली तर सगुणाअक्का उभ्या होत्या. जिना चढून धाप लागली होती. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे.

"आत येऊ का गं?" त्यांनी विचारलं. परवानगी मागायची अक्कांना सवय नव्हती.

त्या आसावरीच्या पायाशी बसल्या. "काल मी बोडणाचं बोलले ते मूर्खासारखं बोलले. तोंडाला हाड नाही माझ्या. आणि मीच तुला दिव्यापाशी बसायला लावलं."

"तसं नाही, आत्या."

"ऐक. तुझे आतोबा गेले तेव्हा मी तुझ्याएवढी होते. त्यांचा रिपोर्ट आला तेव्हा सगळ्यांना कळलं, फक्त मला नाही. ह्या दामूला कळलं होतं. तीन आठवडे हा रजा काढून सांगलीला आला होता, रोज माझ्या हातचा चहा प्यायचा आणि हवापाण्याचं बोलायचा."

अण्णांनी मान खाली घातली. सदतीस वर्षांत अक्का हे कधी त्यांच्यासमोर बोलल्या नव्हत्या.

"मला जपायला म्हणून सांगितलं नाही म्हणे. आणि मी काय केलं माहितीये? त्यांच्या शेवटच्या आठवड्यात गवारीची भाजी वाढली. त्यांना गवार अजिबात आवडायची नाही. बाजारात स्वस्त… नाही, स्वस्त कसली, ताजी दिसली म्हणून आणली मी. त्यांनी गुपचूप खाल्ली. माहीत असतं तर मी वाढली असती का गं गवार?" अक्कांचा खणखणीत आवाज पार फाटला. "अजून ती भाजी मला बघवत नाही."

खाली ईरा सिद्धीला काहीतरी मोठमोठ्यानं सांगत होती.

"उद्या त्या डॉक्टरला सगळं माहीत असू दे," अक्का उठता उठता म्हणाल्या. "मग त्याला जे करायचं ते करू दे. त्याला आंधळ्यासारखं औषध घालायला लावू नकोस." गुडघे धरत त्या जिन्याकडे गेल्या.

आसावरीनं रुमालानं तोंड पुसलं. बराच वेळ ती आपल्या हाताकडे बघत होती.

"डोस कमी केला आणि ते परत आलं तर?"

अण्णांकडे या घरातल्या प्रत्येक गोष्टीचा आकडा असायचा. पावसाचा, विजेच्या बिलाचा, पेशींचा. आज नव्हता.

"माहीत नाही," ते म्हणाले. "डॉक्टरांना विचारू. त्यांनाही नसेल माहीत कदाचित."

"तुम्ही सांगाल त्यांना? मी नाही सांगितलं तर?"

"नाही. शरीर तुझं आहे. मी शेजारी बसेन, वही घेऊन. पण तोंड उघडणार नाही. फार जड जाईल मला ते, पण नाही उघडणार."

तिनं त्यांच्याकडे निरखून बघितलं. खोटं बोलतायत का ते तपासल्यासारखं. "एक विचारू? खरं सांगा. तुम्ही माझ्या जागी असतात, तर सांगितलं असतंत?"

अण्णांनी विचार केला. ईरा डोळ्यांसमोर आणली. चौथीतली आसावरी आणली, दोन वेण्यांची. तिच्यासाठी आपण काय काय लपवलं असतं आणि किती दिवस, हे त्यांना चांगलंच कळलं.

"नसतं सांगितलं," ते म्हणाले.

"मग मला का सांगायला लावताय?"

"कारण मी तुझ्या जागी नाहीये. मी तुझा बाप आहे. तू असायला हवीस, आणि बोटांसकट असायला हवीस. मला दोन्ही हवंय. हावरा आहे मी."

आसावरी रडता रडता हसली. मग तिनं उशीखालचा फोन काढला. स्क्रीनवर तर्जनी उमटेना, म्हणून अंगठ्यानं नंबर लावला. शुक्रवारच्या दुपारी डॉक्टर फोन घेतील असं तिलाही वाटलं नसावं, कारण पलीकडून आवाज आला तशी ती दचकली. अण्णा उठून जायला लागले तर तिनं मानेनंच बसा म्हटलं.

"डॉक्टर, आसावरी बोलतेय. नाही, ताप नाही. एक सांगायचं राहिलंय." ती इंग्रजीत बोलत होती, शांतपणे, पेशंटची केस दुसऱ्या डॉक्टरला सांगतात तशी. "मुंग्या नाहीत. मुंग्यांच्या पुढे गेलंय. एक महिना झाला. हो, मीच सांगितलं नाही. भीती वाटली. तुम्ही औषध बंद कराल म्हणून."

पलीकडून बराच वेळ काहीतरी बोललं जात होतं. खिडकीबाहेर शेजारच्या गच्चीवर कुणीतरी कपडे झटकत होतं, आसावरी तिकडे बघत ऐकत होती. "उद्या एक तास लवकर येते. हो. समजलं. आधी तपासाल, मग ठरवाल. डोस कमी होईल, किंवा औषध बदलाल. समजलं, डॉक्टर." मग डॉक्टरांनी आणखी काहीतरी विचारलं.

तिचा उजवा हात चादरीवर उताणा पडला होता. अण्णांनी केव्हातरी तिचं मधलं बोट हातात घेतलं होतं, टोकाशी, अगदी घट्ट. लहानपणी रस्ता ओलांडताना ती त्यांचं धरायची तसं.

"नाही, डॉक्टर," आसावरी खिडकीबाहेर बघत म्हणाली, "कुणी धरलं तरी कळत नाही."

अण्णांनी बोट सोडलं नाही.